डोळ्यांच्या व्हिटॅमिन कॅप्सूल: वडिलांना, आईला आणि तुम्हाला एकच उत्तर लागू पडत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७२ वर्षांचे, सिगारेट सोडून दहा वर्षे झाली. त्यांच्या फाइलवर ‘ड्राय एआरएमडी, दोन्ही डोळे’ एवढेच लिहिले आहे. आई ६८ वर्षांची, शाकाहारी, बारा वर्षांचा मधुमेह, रोज मेटफॉर्मिन. तिला अलीकडे अंधुक दिसते आणि पावलांना मुंग्या येतात. मेडिकलमधून वडिलांसाठी ‘डोळ्यांच्या’ कॅप्सूल आणल्या, त्याच आईनेही सुरू केल्या. तुम्ही ४४ वर्षांचे आहात आणि आपणही आतापासून घ्याव्यात का, असे विचारता. कॅप्सूलच्या पट्टीवरचा मजकूर तुम्ही उतरवून दिलात हे फार बरे केले, त्यामुळे नेमके बोलता येईल.

वरवर पाहता प्रश्न एका कॅप्सूलचा आहे, पण तिघांचे डोळे तीन वेगळ्या कारणांनी जपायचे आहेत. म्हातारपणी नजर कमी होते ती मोतीबिंदूने, काचबिंदूने, मधुमेहाने डोळ्याच्या आतल्या पडद्यावर (रेटिना) झालेल्या परिणामाने, पडद्याच्या मध्यभागाच्या झिजेने, किंवा नुसता चष्म्याचा नंबर बदलल्याने. व्हिटॅमिनच्या गोळीचा चांगला पुरावा यातल्या एकाच आजारासाठी आहे, तो म्हणजे पडद्याच्या मध्यभागाची झीज, म्हणजेच एआरएमडी. आणि त्यातही एका ठरावीक टप्प्यावर. म्हणून गोळीआधी आजार कोणता आणि टप्पा कोणता, हे ठरले पाहिजे.

आधी वडिलांचे. ‘ड्राय एआरएमडी’ एवढ्या शब्दांवरून गोळी द्यायची की नाही हे मला सांगता येणार नाही, तुमच्या डॉक्टरांनाही नुसत्या त्या ओळीवरून सांगता येणार नाही. बाहुली मोठी करणारे थेंब टाकून पडदा पाहिला की मध्यभागी पिवळसर ठिपके दिसतात, त्यांना ड्रुसेन म्हणतात. ६३ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान ठिपके वयाबरोबर बहुतेकांना येतात, त्यांना आजार म्हणत नाहीत. ६३ ते १२५ मायक्रॉनचे म्हणजे सुरुवातीचा टप्पा. १२५ पेक्षा मोठे ठिपके दिसले, किंवा ठिपक्यांसोबत रंगद्रव्याची उलथापालथ दिसली, तर मधला टप्पा. मायक्रॉन काही पट्टीने मोजत नाहीत. डोळ्याची नस पडद्यावर जिथे उगवते त्या गोल चकतीच्या काठावरची मोठी शीर साधारण १२५ मायक्रॉन रुंद असते. ठिपका त्या शिरेच्या रुंदीपेक्षा मोठा आहे का, हे पाहून टप्पा ठरतो. सोबत ओसीटी, म्हणजे पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन केला तर पडद्याखाली पाणी साठले आहे का तेही कळते.

हा टप्पा इतका महत्त्वाचा का? अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने केलेल्या ‘एरेड्स’ या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. मधल्या टप्प्यातले लोक, आणि ज्यांचा एक डोळा आधीच गेलेला आहे असे लोक, यांच्यात पाच वर्षांत आजार शेवटच्या टप्प्याला पोहोचण्याचे प्रमाण औषध नसलेल्या नकली गोळीवर १०० पैकी २८ होते. व्हिटॅमिन आणि झिंकच्या एकत्र गोळीवर ते २० झाले. म्हणजे शंभर जणांनी पाच वर्षे घेतली तर आठ जणांचे नुकसान टळले. हा फायदा खरा आहे, पण माफक आहे. सुरुवातीच्या टप्प्यातल्या लोकांत मात्र पाच वर्षांत शेवटच्या टप्प्याला पोहोचणारे जेमतेम १.३ टक्के निघाले. जिथे धोकाच इतका कमी, तिथे गोळीने काय वाचवायचे? त्या गटात फायदा दिसला नाही.

आणखी एक गोष्ट वडिलांना आधीच सांगा. या गोळीने नजर सुधारत नाही. आज जी ओळ वाचता येत नाही ती तीन महिन्यांनी वाचता येईल, अशी अपेक्षा ठेवू नका. गोळी फक्त पुढची घसरण हळू करते, आणि ती लागू पडते आहे की नाही हे घेणाऱ्याला जाणवत नाही. हे न सांगितल्यामुळे दोन चुका होतात. काही जण ‘फरक पडत नाही’ म्हणून तीन महिन्यांत बंद करतात. काही जण ‘गोळी चालू आहे ना’ म्हणून तपासणी सोडून देतात. दुसरी चूक जास्त महागात पडते.

आता मात्रा. आज जे मिश्रण सुचवले जाते ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एरेड्स-२’ वर आधारलेले आहे. रोजची मात्रा अशी: व्हिटॅमिन सी ५०० मि.ग्रॅ., व्हिटॅमिन ई ४०० आययू (आंतरराष्ट्रीय एकक), ल्युटीन १० मि.ग्रॅ., झियाझँथिन २ मि.ग्रॅ., झिंक ८० मि.ग्रॅ. आणि तांबे २ मि.ग्रॅ. झिंक २५ मि.ग्रॅ. देऊनही त्या अभ्यासात निकालात लक्षणीय फरक आढळला नाही, म्हणून पोट बिघडणाऱ्यांना काही डॉक्टर कमी झिंकचे मिश्रण देतात. ओमेगा-३, म्हणजे माशाच्या तेलातली चरबी, त्याच अभ्यासात वेगळी तपासली होती. तिचा फायदा झाला नाही.

तुमच्या पट्टीवर ल्युटीन १० आणि झियाझँथिन २ आहे, ते बरोबर. पण व्हिटॅमिन सी ४० मि.ग्रॅ. आणि ई १० मि.ग्रॅ. आहे, म्हणजे अभ्यासातल्या मात्रेच्या जवळपासही नाही. झिंकच्या ओळीकडे नीट पाहा: ‘झिंक सल्फेट मोनोहायड्रेट ६१.८ मि.ग्रॅ.’ हा आकडा क्षाराच्या वजनाचा आहे. त्यात प्रत्यक्ष झिंक २२.५ मि.ग्रॅ. एवढेच असते. घेताना नेहमी ‘एलिमेंटल झिंक’ किती ते पाहायचे, नाहीतर साठ वाचून साठ मिळाले असे वाटते. तांब्याचा उल्लेखच नाही. बिलबेरीचा अर्क आहे, त्याचा एआरएमडीवर उपयोग दाखवणारा भक्कम पुरावा नाही. आणि शेवटी बीटा-कॅरोटिन आहे, वडिलांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त खटकते ते हेच.

बीटा-कॅरोटिन हा गाजराचा नारिंगी रंग. भाजीतून मिळाला तर काही बिघडत नाही. पण गोळीतून मोठी मात्रा धूम्रपान करणाऱ्यांना दिली तेव्हा उलटे झाले. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना रोज २० मि.ग्रॅ. दिले होते. १९९४ मध्ये निकाल आले तेव्हा त्या गटात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. ‘एरेड्स-२’ मध्ये सध्या सिगारेट ओढणाऱ्यांना बीटा-कॅरोटिन दिलेच नव्हते, तरीही ते घेणाऱ्या गटात फुप्फुसाचा कर्करोग २ टक्के आणि न घेणाऱ्यांत ०.९ टक्के होता. ज्यांना झाला त्यांतले बहुतेक पूर्वी ओढणारे होते. २०२२ मध्ये दहा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला, त्यातही चित्र बदलले नाही. म्हणून सिगारेट किंवा बिडी सोडून दहा काय, वीस वर्षे झाली असली तरी मी बीटा-कॅरोटिन असलेली डोळ्यांची गोळी देत नाही. ल्युटीन आणि झियाझँथिन त्याची जागा घेतात, आणि त्याच पाठपुराव्यात ते बीटा-कॅरोटिनपेक्षा सरस ठरले. वडिलांची ही पट्टी आजच बंद करायला हरकत नाही, अचानक बंद केल्याने काही त्रास होत नाही.

तपासणीत मधला टप्पा निघाला, किंवा एका डोळ्यात शेवटचा टप्पा निघाला, तर डॉक्टरांकडून बीटा-कॅरोटिन नसलेले पूर्ण मात्रेचे मिश्रण लिहून घ्या. मध्यबिंदू अजून शाबूत आहे पण आजूबाजूला झीज सुरू झाली आहे, अशा डोळ्यांतही या मिश्रणाने झीज मध्यबिंदूकडे सरकण्याचा वेग कमी होतो असे २०२४ मध्ये जुन्या नोंदींच्या फेरतपासणीत दिसले. त्यामुळे ‘आता उशीर झाला’ असे परस्पर ठरवू नका. सुरुवातीचाच टप्पा निघाला तर गोळी नको. वर्षाला एक तपासणी पुरे.

पूर्ण मात्रा सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांसमोर काय काय ठेवायचे, तेही सांगतो. ८० मि.ग्रॅ. झिंक हे काही किरकोळ नाही. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) प्रौढ पुरुषाची रोजची गरज १७ मि.ग्रॅ. धरली आहे, हे तिच्या चौपटीहून जास्त आहे. उपाशीपोटी घेतले तर मळमळते, म्हणून जेवणानंतरच घ्यायचे, आणि शक्य असेल तर अर्धे सकाळी, अर्धे रात्री. ल्युटीन चरबीत विरघळते, तेही जेवणासोबत नीट शोषले जाते. पहिल्या अभ्यासात झिंक घेणाऱ्यांत मूत्रमार्गाच्या तक्रारींसाठी दवाखान्यात भरती होण्याचे प्रमाण ७.५ टक्के होते, न घेणाऱ्यांत ४.९. वडिलांना प्रोस्टेटचा त्रास असेल, लघवी अडत असेल, तर हे आधी सांगा. प्रोस्टेटवरून दुसरी गोष्ट: निरोगी पुरुषांना फक्त व्हिटॅमिन ई ४०० आययू वर्षानुवर्षे देणाऱ्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. तेव्हा त्वचेसाठी किंवा पायात येणाऱ्या पेटक्यांसाठी म्हणून घरात व्हिटॅमिन ईची हिरवी कॅप्सूल चालू असेल तर ती या मिश्रणावर आणखी चढवू नका. रक्त पातळ करणारी गोळी, विशेषतः वॉरफॅरिन, चालू असेल तर व्हिटॅमिन ईने रक्तस्राव वाढू शकतो. मूतखडा होऊन गेला असेल तर व्हिटॅमिन सीच्या मात्रेबद्दल विचारा.

झिंकसोबत तांबे का हवे, हे फार कमी लोकांना माहीत असते. जास्त झिंक आतड्यात तांब्याची वाट अडवते. महिनोन्‌महिने असे चालले तर रक्त कमी होते, पांढऱ्या पेशी घटतात, पावले बधिर होतात आणि चालताना तोल जातो. म्हणून मिश्रणात २ मि.ग्रॅ. तांबे घातलेले असते. झिंकची सुटी गोळी वेगळी, ल्युटीनची वेगळी, असे घरी जुळवाजुळव करणाऱ्यांकडून नेमके तांबेच राहून जाते. इतर औषधांशीही झिंकचे पटत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविके ते बांधून ठेवते. कोर्स चारपाच दिवसांचा असेल तर तेवढे दिवस डोळ्यांची गोळी थांबवणे सर्वांत सोपे. लोहाच्या गोळीत दोन तासांचे आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचे अंतर ठेवा.

आता आई. तिच्यासाठी ही कॅप्सूल मला अजिबात योग्य वाटत नाही, आणि तिच्या तक्रारींची घाई वडिलांपेक्षा जास्त आहे. बारा वर्षांच्या मधुमेहात अंधुक दिसू लागले म्हणजे पहिला संशय पडद्याचा. साखरेने पडद्यावरच्या बारीक शिरा गळू लागतात, मध्यभागी सूज येते. यावर व्हिटॅमिन नाही. साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणे, वेळेवर लेसर किंवा इंजेक्शन, हाच उपाय. पडद्याची तपासणी वर्षातून एकदा व्हायलाच हवी, नजर चांगली असली तरी. शेवटची केव्हा झाली ते तुम्ही लिहिलेले नाही. आठवत नसेल तर याच आठवड्यात करून घ्या. त्याच तपासणीत मोतीबिंदू आहे का तेही कळेल. मोतीबिंदू निघाला तर तोही गोळीने थांबत नाही, ‘एरेड्स-२’ मध्ये मोतीबिंदूची शस्त्रक्रिया टळल्याचे आढळले नाही.

पण आईच्या बाबतीत एक व्हिटॅमिन खरोखर महत्त्वाचे आहे, आणि ते तुमच्या पट्टीवर नाही: बी-१२. शाकाहारी जेवणात ते दूध-दह्यापुरतेच मिळते, आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्याने त्याचे शोषण कमी होते. कमतरता वाढली तर पावलांना मुंग्या येतात, आणि क्वचित डोळ्याच्या नसेवरही परिणाम होतो. दोन्ही डोळ्यांचा मध्यभाग हळूहळू धूसर होतो, लाल रंग फिका वाटतो, चष्मा बदलून फरक पडत नाही. मुंग्या मधुमेहानेही येतात, बी-१२ कमी असल्यानेही येतात, आणि आता तांब्याविना झिंक चालू राहिले तर त्यानेही येऊ शकतात. तिन्हींची तक्रार एकसारखी, म्हणून अंदाजाने ‘साखरेमुळे असेल’ म्हणून सोडू नका. रक्तात बी-१२ तपासा. बहुतेक प्रयोगशाळा मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमपेक्षा कमी आकडा कमतरता मानतात. कमी निघाले तर डॉक्टर इंजेक्शन किंवा मोठ्या मात्रेच्या गोळ्या देतील, आणि लवकर दिले तर नसेचे नुकसान बरेच भरून येते. एकट्या फॉलिक ॲसिडवर भागवू नका. त्याने रक्त सुधारलेले दिसते, नसांची झीज मात्र आतून चालू राहते.

म्हणजे आतापर्यंत: वडिलांना टप्पा कळेपर्यंत थांबा आणि ही पट्टी बंद, आईला ही पट्टी बंद आणि पडदा व बी-१२ दोन्हींची तपासणी.

तुमचे स्वतःचे उत्तर छोटे आहे. पडद्यावर काहीही नसताना व्हिटॅमिन घेऊन एआरएमडी टळतो, असे व्हिटॅमिन सी, ई किंवा बीटा-कॅरोटिनच्या मोठ्या चाचण्यांत दिसलेले नाही. व्हिटॅमिन डी आणि ओमेगा-३ ची मोठी चाचणी २०२० मध्ये जाहीर झाली, तिच्यातही नाही. वडिलांना आजार असल्याने तुमचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे हे मात्र खरे. म्हणून दोनेक वर्षांतून एकदा थेंब टाकून पडदा पाहून घ्या. त्याच वेळी डोळ्याचा दाब मोजून घ्या, काचबिंदू चाळिशीनंतर गुपचूप येतो. सिगारेट ओढत असाल तर सोडा. या आजाराच्या बाबतीत आपल्या हातातली एवढी मोठी दुसरी गोष्ट नाही.

आहाराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे तिघांचाही फायदा आहे. डोळ्यांसाठी गाजर, हे आपल्याकडे लहानपणापासून सांगतात. गाजरातून व्हिटॅमिन ए मिळते आणि त्याच्या कमतरतेने रातांधळेपणा येतो, तेवढ्यापुरते ते खरे आहे. पण पडद्याच्या मध्यभागी जो पिवळा रंग साठतो तो ल्युटीन आणि झियाझँथिनचा, आणि ते हिरव्या पालेभाजीत असते. शिजवलेल्या १०० ग्रॅम पालकात दोन्ही मिळून सुमारे ११ मि.ग्रॅ. निघते, म्हणजे कॅप्सूलइतकेच. मेथी, माठ, शेवग्याचा पाला, चाकवत, अळू, सगळे चालते. झियाझँथिन मक्यात आणि अंड्याच्या बलकात असते. भाजी शिजवून, तेलाच्या फोडणीसह खाल्ली तर ही द्रव्ये जास्त शोषली जातात, तेव्हा ‘तब्येतीसाठी’ म्हणून बिनतेलाची उकडलेली पालेभाजी खाणे इथे तोट्याचे. आठवड्यातून चारपाच दिवस एक वाटी पुरे. वडील वॉरफॅरिन घेत असतील तर पालेभाजी एकदम वाढवू नका. तिच्यातल्या व्हिटॅमिन के मुळे गोळीची मात्रा बिघडते. रोजचे प्रमाण सारखे ठेवा आणि डॉक्टरांना सांगून बदला. ‘एरेड्स-२’ मध्ये ज्यांच्या आहारात ही द्रव्ये सर्वांत कमी होती, त्यांना गोळीचा फायदा जास्त दिसला. मात्र मधला टप्पा निघाला तर नुसत्या पालकावर भागेल असे समजू नका, तपासले गेले आहे ते झिंकसह पूर्ण मिश्रण.

व्हिटॅमिन ए च्या कॅप्सूल किंवा कॉड माशाच्या यकृताचे तेल ‘डोळ्यांसाठी’ म्हणून परस्पर वाढवू नका. व्हिटॅमिन ए यकृतात साठते, जास्त झाले तर यकृत बिघडते आणि मेंदूभोवतीचा दाबही वाढतो. सरकारी दवाखान्यात मोठे डोस दिले जातात ते नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना, मोजून, सहा-सहा महिन्यांच्या अंतराने. म्हाताऱ्या माणसाने रोज घ्यायची ती गोष्ट नाही.

तपासणीला जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक आणि टॉनिकसुद्धा. थेंब टाकल्यावर चार-पाच तास उजेडाचा त्रास होतो आणि जवळचे दिसत नाही. त्यामुळे त्यांना गाडी चालवू देऊ नका, सोबत कोणीतरी जा. डॉक्टरांना चार प्रश्न विचारा आणि उत्तर फाइलवर लिहून घ्या: दोन्ही डोळ्यांचा वेगवेगळा टप्पा कोणता, पडद्याखाली पाणी आहे का, गोळी द्यायची तर नेमक्या मात्रेची कोणती, पुढची तपासणी केव्हा.

वडिलांसाठी घरी एक तपासणी रोजची करा, ती गोळीइतकीच मोलाची आहे. पांढऱ्या कागदावर १० सें.मी. बाय १० सें.मी. चा चौकोन आखा, त्यात ५ मि.मी. अंतरावर आडव्या-उभ्या रेघा ओढा आणि मधोमध ठळक काळा ठिपका द्या. कागद फ्रिजच्या दारावर डोळ्यांच्या उंचीवर लावा. जवळचा चष्मा घालून तीसेक सेंटिमीटर अंतरावर उभे राहायचे. एक डोळा तळहाताने झाकायचा, दुसऱ्याने ठिपक्याकडे पाहायचे, मग डोळा बदलायचा. दोन्ही उघडे ठेवून पाहिले तर चांगला डोळा बिघडलेल्याची चूक झाकून टाकतो, आणि बहुतेक वेळा हेच होते. पहिल्या दिवशी जिथे रेघ पुसट किंवा तुटलेली दिसते तिथे पेन्सिलीने खूण करा आणि तारीख घाला. पुढे कधी रेघा वाकड्या दिसू लागल्या, नवा काळा डाग आला, दाराची चौकट किंवा विजेचा खांब वाकलेला दिसला, तर कोरड्या आजाराचा ओला झाला असण्याची शक्यता आहे. तिथे डोळ्यात इंजेक्शन द्यावे लागते आणि उशीर झाला तर गेलेली नजर परत येत नाही. पुढच्या महिन्याच्या नंबराची वाट न पाहता दोन-तीन दिवसांत पडद्याच्या डॉक्टरांकडे पोहोचा, आणि खुणा केलेला तो कागद सोबत न्या.